बी निवडावं लागतं

परसातलं जुनं टमाटर छाटलं, की पेरातून नवा फुटवा येतो. तो लवकर फळतो. पण खोडात रोग असेल, तर तो रोगही पुन्हा वर चढतो. बी पेरून रोप वाढवायला वेळ लागतो. आणि बी निवडावं लागतं.

आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी असंच बी निवडलं. १९८३ साली धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, पेरल्या. पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून एचएमटी हे तांदळाचं वाण आलं. जमीन थोडी होती, धीर मोठा होता.

मनातला राग वरवर छाटला, तर पुन्हा फुटतो. तिथंही बी निवडावं लागतं. बी म्हणून दुरावलेल्या माणसासोबतचा एक चांगला दिवस आठवा. आणि आजच त्याला हाक मारा.