गैरहजर आई

मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरातला मायकेल लार्सन ‘आयडिया’ या नावानं रॅप करायचा. १९९९ साली सिनसिनाटीच्या ‘स्क्रिबल जॅम’ महोत्सवातली लढत त्यानं जिंकली, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. याच महोत्सवात दोन वर्षांपूर्वी एमिनेम हरला होता. २००० साली न्यूयॉर्कमधली ‘ब्लेझ बॅटल’ ही स्पर्धाही त्यानं जिंकली. ती एचबीओ वाहिनीवर दाखवली गेली. अशा लढतीचा रिवाज साधा असतो. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि आळीपाळीनं, तिथल्या तिथे जुळवलेल्या यमकांत, एकमेकांची अब्रू काढतात. पुढे ऐन विशीत हा मुलगा लढतींपासून दूर गेला. त्याच्या या प्रवासामुळे एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. ज्याची संमती आहे अशा माणसाचा अपमान केला, तर त्यात गैर काय?

मला हा प्रश्न पडला तो भाषांतर करताना. अशाच एका लढतीचं लिखित रूप मराठीत आणायला मी बसले होते. इंग्रजीतल्या ‘यू’चं काय करायचं, याची चिंता नव्हती. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर एकमेकांना कोडी घालत, अडवत रात्र जागवतात. ते अरे-तुरे कानात होतं. अडले ती आईपाशी. दर चार-सहा ओळींनी प्रतिस्पर्ध्याची आई येत होती, आणि मंचावर जी कोटी होती ती मराठीत, कागदावर, नुसती शिवी उरत होती.

या आईची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांचा ‘डझन्स’ नावाचा खेळ आहे. एकमेकांच्या आईविषयी काहीतरी अचाट बोलायचं. जो चिडला तो हरला. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी हार्लेममधल्या मुलांचं बोलणं अभ्यासून १९७२च्या पुस्तकात एक नेमकी गोष्ट नोंदवली आहे. असा अपमान उघडउघड खोटा असावा लागतो. तो खरा असेल, किंवा समोरच्यानं तो गंभीरपणे नाकारला, तर खेळ मोडतो आणि भांडण सुरू होतं.

म्हणजे ती आई कुणाचीच आई नसते. ती सोंगटी असते. हे उत्तर मला अर्धंच पटतं. समोरचा गडी स्वतःहून मैदानात उतरलेला असतो, लढत संपल्यावर बरेचदा मिठीही मारतो. आपल्या शिमग्यातही शिव्यांना तेवढ्यापुरती मुभा असते. पण या सोंगट्या कुणाकुणाच्या केल्या जातात ते पाहावं. आई, बहीण, प्रेयसी, समलिंगी पुरुष. यांच्यापैकी कुणी मंचावर नसतं, कुणी होकार दिलेला नसतो. समलिंगी असणं लाजिरवाणं आहे असं जमलेल्यांपैकी कुणालाच वाटत नसेल, तर ती ओळ पडेल, कुणी हसणार नाही. त्या हशाचं भांडवल बाहेरच्या जगातल्या खऱ्या तिरस्कारातून उसनं आणलेलं असतं. दोघांनी आपसात केलेला करार तिसऱ्याच्या नावावर कर्ज कसं काढू शकतो?

२००८-०९च्या सुमारास टोरंटोची ‘किंग ऑफ द डॉट’, न्यूयॉर्कची ‘यूआरएल’ अशा लीग उभ्या राहिल्या आणि खेळाचं रूप पालटलं. आता ओळी बहुतेक आधी लिहून, पाठ करून आणतात. मागे ताल नसतो. चित्रफीत इंटरनेटवर राहते. तयारीला वेळ मिळाला तसा प्रतिस्पर्ध्याच्या खऱ्या आयुष्याचा शोध सुरू झाला. तुरुंगवास, मोडलेला संसार, घरातला मृत्यू, काहीच वर्ज्य राहिलं नाही. लबॉव्ह यांनी पाहिलेली मर्यादा उलटी झाली. जितकं खरं, तितकी दाद मोठी.

आयडियाच्या लढती याच्या आधीच्या. त्यानंतर त्यानं डीजे अ‍ॅबिलिटीजबरोबर ध्वनिमुद्रिका केल्या, आणि ‘फेस कँडी’ या गटाबरोबर २००६ मध्ये संपूर्णपणे उत्स्फूर्त अशी एक ध्वनिमुद्रिका काढली. ऐन वेळी शब्द जुळवण्याची त्याची भूक गेली नव्हती. फक्त पाडायला समोर माणूस नव्हता. हे त्यानं नैतिक कारणानं केलं, असा दावा मी करणार नाही. २०१० मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी तो गेला. पण शत्रूशिवाय ही कला उभीच राहत नाही असं कुणी म्हणालं, तर मला त्याची आठवण होते.

अर्थात, लढतीत जे असतं ते तिथे नाही, हेही कबूल करायला हवं. तोंडावर केलेल्या अपमानात एक सचोटी असते, कारण ऐकणाऱ्याची पाळी लगेच येणार असते. बोलणाराही उघडा पडायला तयार असतो. आईची पाळी मात्र कधीच येत नाही.

भाषांतर मी पूर्ण केलं. एकही ओळ सौम्य केली नाही. तो माझा अधिकार नव्हे. पण करता करता लक्षात आलं की मराठीत ती शिवी देणारी आता मी आहे, आणि माझे वाचक म्हणजे नवी गर्दी. आईला याही वेळी कुणी विचारलेलं नाही. कागद टेबलाच्या खणात आहेत. संपादकांना अजून पाठवलेले नाहीत.