आज कोण आलं नाही?

इ.स. 1708. जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी एडर नदीच्या पात्रात आठ जण उतरले. पाच पुरुष, तीन स्त्रिया. येशूच्या मागे जायचं ते मोठेपणी, समजून-उमजून बाप्तिस्मा घेऊनच, असा त्यांचा निश्चय होता. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने तो पुन्हा घेणं त्या काळी गुन्हा ठरत असे. पुढाकार अलेक्झांडर मॅक यांचा होता. पण मॅकना स्वतःला बाप्तिस्मा कोणी द्यायचा, हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि ते नाव कुणालाही न सांगण्याचं एकमेकांना वचन दिलं. ते वचन त्यांनी पाळलं.

आपल्या डहाणूच्या ख्रिस्ती मंडळीची मुळं त्या नदीपर्यंत पोचतात. त्या आठांचा पंथ, चर्च ऑफ द ब्रदरन, पुढे अमेरिकेत गेला. तिथून 1894 मध्ये विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी आणि बर्था रायन असे तिघे भारतात आले. त्यांनी बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, बिऱ्हाड थाटलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं काम डहाणूपर्यंत आलं. डहाणूत दवाखाना उभा राहिला, तिथे डॉ. बार्बरा निकी यांनी वर्षानुवर्षं रुग्णांची सेवा केली. शेजारच्या तलासरीत कॅथलिक येशूसंघाच्या धर्मगुरूंचं ज्ञानमाता सदन उभं राहिलं आणि पाड्यांवरची वारली मुलं शाळेत बसू लागली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा ब्रदरन मंडळ्याही त्यात सामील झाल्या.

आधी आठ, मग तीन. येशूने तर दोघातिघांनाच पुरेसं मानलं होतं. म्हणजे सुरुवात लहान असण्यात काही उणं नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. पाड्यावरच्या एखाद्या घराच्या ओसरीवर चार माणसं प्रार्थनेला बसतात, त्यांची मंडळी केव्हा होते? आणि ती वाढते कशाने?

ब्रदरन पंथाची एक जुनी रीत आहे. प्रीतिभोजनाला जमल्यावर आधी एकमेकांचे पाय धुवायचे, मग साधं जेवण, मग प्रभूची भाकर आणि प्याला. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, म्हणून ही रीत. आपल्या भागात पावसाळ्यात कुणाचे पाय हाती घेऊन पाहावेत. आवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात उभे राहिलेले पाय, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, टाचेच्या भेगांत माती रुतून बसलेली. ते पाय घमेल्यात घ्यायचे, हळू हाताने चोळायचे, पंच्याने टिपायचे. पाय धुणारा खाली बसलेला असतो, धुवून घेणारा संकोचून गेलेला असतो. जमीनदार कोण, मजूर कोण, शिकलेला कोण, हे सगळं तेवढ्या वेळापुरतं तरी बाजूला पडतं. आणि ज्याचे पाय आपण हाती घेतले, तो पुढच्या रविवारी दिसला नाही तर नजर त्याला शोधतेच.

मला वाटतं, मंडळीची सुरुवात इथे होते. किती आले, हे मोजून मेळावा होतो. ‘आज कोण आलं नाही?’ असं कुणीतरी मनापासून विचारतं, तेव्हा मंडळी होते.

डहाणू-तलासरीत हा प्रश्न फार जवळचा आहे. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की बयाणा घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. पाठीवर बिऱ्हाड, कडेवर पोर, आणि घराला कडी. पाडे ओस पडतात, प्रार्थनेच्या चटया अर्ध्या रिकाम्या राहतात. भट्टीवर हिशेब हजार विटांमागे होतो, माणसामागे नाही. या मातीत माणसाला नुसता राबता हात समजण्याची सवय फार जुनी. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही जमीनदाराकडे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली एकत्र आले, ते या वेठीविरुद्ध. अशा भूमीत एखाद्याचं नाव घेऊन ‘तो कुठे आहे, बरा आहे ना?’ असं विचारणं ही लहान गोष्ट नाही. तीच सुवार्ता आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखिया शहराची हकिकत आहे. स्तेफनच्या हत्येनंतर छळ सुरू झाला, विश्वासणारे पांगले. त्यांतले काही अंत्युखियाला पोचले आणि तिथल्या परक्या लोकांशी येशूविषयी बोलू लागले. तिथेच पुढे शिष्यांना पहिल्यांदा ‘ख्रिस्ती’ म्हटलं गेलं. बर्णबा आणि पौल तिथे नंतर आले. आधी बोलणाऱ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. यरुशलेमेने त्या पांगलेल्यांची खबर घेतली, बर्णबाला पाठवलं, म्हणून दोन्हीकडची माणसं एक राहिली.

भाताचं रोप राबात दाट उगवतं, पण तिथेच ठेवलं तर नीट लोंबी धरत नाही; उपटून दुसऱ्या खाचरात लावावं लागतं. भट्टीवर गेलेली कुटुंबंही अशीच लावलेली आहेत. त्यांना आपण ‘गेलेले’ समजलो तर ती तुटतील. त्यांच्या झोपडीपर्यंत कुणी गेलं, आजारी पोराची विचारपूस केली, बाजूच्या झोपडीतल्या, हिरवा-नारनदेवाला मानणाऱ्या भावकीलाही तितक्याच मायेने हाक मारली, तर तिथेही चार माणसं एकत्र बसतील. त्या भावकीने आपल्यात यावं म्हणून ही हाक नाही. ती आपलीच माणसं आहेत, म्हणून आहे.

आज उपासना संपली की लगेच चपला घालू नयेत. कोण आलं नाही ते एकमेकांना विचारावं. त्यातलं एक नाव आपल्या वाटणीला घ्यावं आणि दुपारच्या आत त्या घरी जावं. घर बंद असेल तर शेजाऱ्याकडून भट्टीचा पत्ता घ्यावा. प्रभू, त्या वाटेवर तू आमच्याबरोबर चाल.