पुढे झुकलेलं अक्षर

जुलै १९६९मध्ये चंद्रावर उतरलेल्या यानाच्या पायाला धातूची एक पाटी होती. पाय तिथेच राहिला, पाटीही राहिली. तिच्यावरची अक्षरं फ्यूचरा या टंकातली आहेत. जर्मनीच्या पॉल रेनर यांचा हा टंक १९२७ साली आला: कंपासने काढल्यासारखे गोल, पट्टीने ओढल्यासारख्या रेघा, टोकांना शेपूट नाही की पाऊल नाही. पाटीवर ती अक्षरं ताठ उभी आहेत. त्यांना कुठेच जायचं नाही.

याच घराण्यातलं ठळक, तिरपं भावंड बघा. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या बार्बरा क्रुगर कृष्णधवल छायाचित्रांवर लाल पट्ट्या टाकून त्यांत ही पांढरी अक्षरं बसवू लागल्या. आधी त्या मासिकांची मांडणी करत. पान उलटणारा हात कशाने थांबतो, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. घाट तोच, फक्त रेघ जाड झाली आणि थोडी कलली. तेवढ्याने आवाज बदलला. रस्त्यात कुणी दंड धरून दोनच वाक्यं बोलावं, तसं ते अक्षर बोलतं. दोनच, हे महत्त्वाचं. पानभर असं अक्षर वाचवत नाही.

खरं तर तिरपं अक्षर आलं ते निवांत वाचनासाठी. व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसने १५०१मध्ये व्हर्जिलची कविता हातात मावेल अशा पुस्तकात छापली, ती अख्खी तिरप्या टंकात. हस्ताक्षराचा तो कल होता. त्याला जाडी आणि गर्जना मिळाली ती पुढे जाहिरातींच्या काळात.

आपल्या लिपीत हा कल जपून द्यावा लागतो. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं असतं, आपलं शिरोरेषेला टांगलेलं. संगणकावर कळ दाबून ‘धाव’ तिरपं केलं की शिरोरेषा आडवीच राहते, काना कलतो, आणि ‘व’चं पोट एकीकडे फुगतं, दुसरीकडे चिमटतं. ‘गती’ लिहिलं तर वेलांटीची कमान पुढे झुकते. हे सगळं डोळ्याने पाहून हाताने सावरावं लागतं. ते न करता नुसती कळ दाबून छापलेली लग्नपत्रिका, तीही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाड आणि तिरपी, हातात आली की मला मनापासून वाईट वाटतं. एवढ्या प्रेमाने बोलावलेलं असतं, आणि अक्षर अंगावर येतं.

सावरणं म्हणजे काय, ते मी एका पेंटरकडे पाहिलं. टेम्पोच्या फाळक्यावर त्याने खडू लावलेला दोरा ताणला, टिचकी मारून दोन रेघा उमटवल्या आणि चपट्या ब्रशने ‘जलद सेवा’ लिहिलं, जाड, पुढे झुकलेलं. खाली फोन नंबर मात्र सरळ उभा. मी कारण विचारलं, तर म्हणाला, “नंबर लोकांना उतरवून घ्यायचा असतो हो. तो पळता कामा नये.” मग चार पावलं मागे गेला, डोळे बारीक करून बघितलं, आणि फाळक्याच्याच हिरव्या रंगात ब्रश बुडवून ‘ज’ची फुगलेली कड केसभर आत घेतली.