साधन आणि स्वभाव

साधन मनुष्याच्या स्वभावास अनुरूप असावे, हे मत इतके सर्वमान्य आहे की त्याची छाननी करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. पण तो स्वभाव साधन हाती घेण्यापूर्वी आपणांस ठाऊक असतो काय? ‘मॉड्युलर सिंथेसायझर’ घ्यावा की न घ्यावा, या विवंचनेत पडलेल्या संगीतकारापुढे खरा प्रश्न हाच असतो.

या वाद्यास स्वरपट्ट्या असल्याच पाहिजेत असे नाही. स्वर उत्पन्न करणारा एक भाग, तो गाळणारा दुसरा, त्याचा चढउतार ठरविणारा तिसरा, असे सुटे भाग तारांनी परस्परांस जोडावे, तेव्हा ध्वनी निघतो. रॉबर्ट मूग यांनी अमेरिकेत १९६४ साली असे यंत्र सिद्ध केले. १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत उभारले. तारा उपसल्या की घडविलेला ध्वनी गेला. तोच पुन्हा हाती लागेल याची शाश्वती नाही. त्यात जुन्या घडणीच्या यंत्रांचे स्वर उष्णतेने सरकतात. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे नेणाऱ्या आमच्या जळगावात हा दोष लहान नव्हे! तंबोराही दर मैफलीस नव्याने लावावा लागतो खरा. परंतु तेथे कोणता स्वर गाठावयाचा हे आधी ठरलेले असते. येथे गाठावयाचे काय, तेच जोडता जोडता कळावयाचे.

असे काम करणारी माणसे असतात. असोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. घरातली व शेतातली कामे करता करता त्यांस गाणी सुचत. हात चालू असणे हीच ज्यांची विचार करण्याची रीत, त्यांस हे वाद्य मानवेल. मात्र बहिणाबाईंची गाणी उरली, ती पुत्र सोपानदेव आदी घरच्यांनी टिपून घेतली म्हणून. १९५२ साली, त्यांच्या पश्चात, ती ग्रंथरूप झाली. अहमदाबादचे प्रयोगही ध्वनिफितींवर राहिले म्हणूनच आज ऐकावयास मिळतात. क्षणभंगुरतेचे कौतुक करणाऱ्याने आपले टिपणार कोण, हे आधी पाहावे.

याहून गंभीर बाजू वचनाची आहे. धुळ्यात चित्रफितींना संगीत पुरविणाऱ्यास ग्राहक उद्या म्हणेल, ‘कालचेच द्या, फक्त शेवट बदला.’ ज्याची भाकर या वाक्यावर अवलंबून आहे, त्याने हौस म्हणून हे वाद्य अवश्य ठेवावे. त्याच्या भरवशावर शब्द मात्र देऊ नये. शिवाय पुष्कळजण वाद्य घेतात ते धीरगंभीर होण्याच्या आशेने, आणि धीर येत नाही तेव्हा आणखी एक भाग विकत घेतात. हा खर्च संगीताचा नसून चालढकलीचा आहे, असे मला वाटते.

पैसे घालण्यापूर्वी परीक्षा करावयाची तर ‘व्हीसीव्ही रॅक’ ही प्रणाली संगणकावर विनामूल्य मिळते. पण तिच्यात केलेली जोडणी जतन करता येते, म्हणजे जी कसोटी लावावयाची तीच चुकते. तेव्हा महिनाभर रोज रात्री केलेली जोडणी पुसून टाकूनच ती बंद करावी, आणि सकाळी पुन्हा बसण्याची ओढ उरते की कालचे गेल्याची हळहळच वाटते, ते पाहावे.