पाय आधी धावले, विश्वास मागून आला



पुनरुत्थान रविवारचे शुभवर्तमान (योहान २०:१-९) आपण दर वर्षी ऐकतो. तरी त्यातली एक गोष्ट बहुतेक वेळा आपल्या कानावरून निसटून जाते. त्या पहाटे सगळेच जण धावत आहेत! कबरीवरची धोंड सरकलेली पाहून मरिया मग्दालिया पेत्राकडे धावत जाते. मग पेत्र आणि दुसरा शिष्य कबरीकडे धाव घेतात. दुसरा शिष्य पुढे निघून जातो, पेत्राच्या आधी पोहोचतो, पण आत न जाता त्याच्यासाठी बाहेर थांबतो.

ते कशासाठी धावत होते? प्रभू उठला आहे असा त्यांचा विश्वास होता म्हणून? नाही. मरियेला वाटले होते की कोणीतरी प्रभूचे शरीर काढून नेले. पेत्राच्या मनात तर तीन वेळा नाकारल्याची बोच असणार. शास्त्रलेखाचा अर्थ त्यांना अजून उमगला नव्हता, असे योहान स्वतःच नमूद करतो. म्हणजे भीती, गोंधळ आणि दुःख घेऊन ते धावले. पाय आधी धावले, विश्वास मागून आला.

या पास्काकाळात आपण याच गोष्टीवर थोडे मनन करू या.

कामानिमित्त मला कधी कधी पहाटेच धुळ्याला जावे लागते. एरंडोल, पारोळा मागे पडेपर्यंत उजाडलेलेही नसते. पण रस्त्याच्या कडेने दोघे-तिघे मिळून पळणारी मुले दिसतातच. अंगात साधी बनियन, कोणाच्या पायात बूट, कोणाचे पाय अनवाणी. अलीकडे मुलीही दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. ही मुले हौसेने पळत नाहीत, भरतीसाठी पळतात. पोलीस शिपाई व्हायचे तर मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावून दाखवावे लागते. राज्य राखीव पोलीस बलात जायचे तर ५ किलोमीटर. घड्याळातले दहा-वीस सेकंद पुढेमागे झाले की घरच्यांची सगळी आशा पुढेमागे होते. शेतात कापसाला भाव नाही, घरात बहिणीचे लग्न थांबलेले, आणि सगळ्यांचे डोळे एका मुलाच्या पायांकडे! २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत भरतीची ५ किलोमीटरची चाचणी देताना काही तरुणांचा जीव गेला, हे आपल्याला आठवत असेल. एवढे ओझे घेऊन आपली मुले धावत असतात.

इकडे जळगावात मेहरूण तलावाकाठी सकाळी गेलात तर वेगळी मंडळी भेटतात. कोणाला डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले आहे. कोणाला दारू सोडायची आहे, आणि संध्याकाळचा तो एक तास कसा घालवावा हे समजत नाही. एका भगिनीने मला सांगितले, "फादर, हे गेल्यापासून पहाटे चारला जाग येते. घरात बसले की भिंती अंगावर येतात. म्हणून बाहेर पडते. आधी चालत होते, आता थोडी धावते."

तुमच्यापैकी काहींनी लता भगवान करे यांच्याविषयी वाचले असेल. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून पोटासाठी बारामतीकडे गेलेले हे मजुरी करणारे कुटुंब. २०१३ च्या सुमारास पती आजारी पडले. तपासणीसाठी पैसे हवे होते आणि हातात काही नव्हते. बारामतीच्या शर्यतीत ज्येष्ठांच्या ३ किलोमीटर गटाला ५००० रुपयांचे बक्षीस आहे असे त्यांना कळले. साठी ओलांडलेल्या या माउलीने नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी ती शर्यत जिंकली. २०२० मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यांना कोणी विचारले असते की, "बाई, तुम्हाला खेळाची आवड आहे का?" तर त्या काय म्हणाल्या असत्या? त्यांच्या धावण्याचे कारण एकच होते, घरी अंथरुणावर पडलेला माणूस.

प्रियजनहो, माणूस धावायला लागतो ते अशाच कारणांनी. कारण साधे असते, कधी स्वार्थाचे असते, कधी अगदी लाचारीचे असते. खरा प्रश्न पुढचा आहे. ते कारण संपले की काय?

आपल्या ओळखीच्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. त्याने चार वेळा भरती दिली. एकदा धावण्यात थोडक्यात गेला, एकदा लेखी परीक्षेत. मग वयाची मर्यादा उलटली. त्यानंतर तो मिस्सेला येईनासा झाला. मी घरी गेलो तर आई रडत होती आणि तो आतल्या खोलीत तोंड फिरवून बसला होता. "देवाने माझे ऐकले नाही," एवढेच तो बोलला. माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी थोडा वेळ त्याच्याजवळ बसलो आणि परत आलो.

काही महिन्यांनी, पहाटे, तोच मुलगा मला रस्त्यावर धावताना दिसला. मी गाडी थांबवली आणि विचारले, "काय रे, आता कशासाठी?" तो हसला आणि अहिराणीत म्हणाला, "पयनू नही ते करमस नही, फादर." धावलो नाही तर चैन पडत नाही! त्याच्या मागे शाळकरी वयाची दोन मुले धापा टाकत येत होती. त्यांना तो वेळ लावून पळायला शिकवत होता. पुढच्या भरतीसाठी. त्यांच्या भरतीसाठी.

त्या दिवशी मला सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा एक धडा नव्याने समजला. ॲरिस्टॉटल सांगतो की मैत्री तीन प्रकारची असते. एक उपयोगाची, दुसरी आनंदाची आणि तिसरी त्या माणसाच्या चांगुलपणासाठी केलेली. पहिल्या दोन लवकर होतात आणि लवकर संपतात. तिसरीला वेळ लागतो, त्यासाठी बरोबर बसून पुष्कळ मीठ खावे लागते. मला यात एवढीच भर घालावीशी वाटते की बहुतेक खऱ्या मैत्र्या सुरू होतात पहिल्या प्रकारात. उपयोगासाठी जवळ आलेली माणसेच पुढे जिवाभावाची होतात. त्या मुलाचे धावणे उपयोगासाठी सुरू झाले. उपयोग संपला, पण धावणे राहिले. आता ते दुसऱ्यांसाठी झाले आहे.

आता आपल्या श्रद्धेकडे वळू या. कारण इथे आपल्या मनाला लागलेली एक गोष्ट आहे.

आपल्या काही मुलांना शाळेत, नोकरीच्या ठिकाणी टोमणा ऐकावा लागतो, "तुमच्या आजा-पणज्याने दाण्यासाठी धर्म बदलला." मुले घरी येऊन विचारतात आणि आईवडील गप्प बसतात. मी म्हणतो, गप्प का बसावे? होय, काही घरांत दुष्काळाच्या दिवसांत मिशनने पोटाला भाकर दिली, तापात औषध दिले, मुलांना शाळेत बसवले. भुकेलेला माणूस भाकर देणाऱ्या दारी गेला, यात लाज कसली? पण दुष्काळ तर केव्हाच सरला. मग ते राहिले कशासाठी? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. लाभासाठीच आले असते तर तोटा दिसताच निघून गेले असते. ते गेले नाहीत. कारण भाकरीसाठी आलेल्या माणसाला तिथे भाकर देणाराही भेटला होता!

प्रभूला हे चांगले ठाऊक होते. भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक पुन्हा शोधत आले, तेव्हा त्यांचे कारण त्याने त्यांना स्पष्ट सांगितले (योहान ६:२६). पण हाकलून दिले नाही. जी भाकर नाश पावत नाही तिच्याकडे त्याने त्यांना पुढे बोलावले. उधळ्या पुत्राचेही तसेच (लूक १५). तो घरी निघाला तो बापाच्या प्रेमाने नव्हे, पोटातल्या भुकेने. बापाच्या घरी मजुरांनासुद्धा पोटभर मिळते, हा त्याचा हिशेब होता. आणि बापाने काय केले? "कशासाठी आलास?" असे विचारले नाही. त्याला दुरून पाहिले आणि तो स्वतः धावत सुटला. त्या काळी घरातल्या वडीलधाऱ्याने असे रस्त्यावर धावणे शोभत नसे. तो धावला. मुलाच्या पायांत भूक होती, बापाच्या पायांत प्रेम होते. घर गाठून दिले ते बापाच्या धावण्याने.

आज दैवी दयेच्या रविवारी थोमाचीही हीच गोष्ट आहे. तो आठ दिवसांनी आला तो आपली अट घेऊन. प्रभूने ती अट हसण्यावारी नेली नाही, जखमा पुढे केल्या.

संत पौलाने करिंथच्या लोकांना धावपटूचे उदाहरण दिले (१ करिंथ ९:२४-२७), कारण त्यांच्या शहराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमसचे खेळ भरत. विजेत्याच्या डोक्यावर देवदारसारख्या झाडाच्या पानांचा मुकुट घालत. तो काही दिवसांत वाळून जाई. पौल म्हणतो, त्या वाळणाऱ्या मुकुटासाठी ते एवढे कष्ट घेतात, मग आपण न वाळणाऱ्यासाठी किती घ्यावेत! शर्यतीचा बिल्ला, भरतीचा हुकूम, उतरलेली साखर, हे सारे चांगले आहे. देवाचे आभार मानावेत. पण तिथेच थांबू नये.

आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. काठी टेकत, दोन वेळा वाटेत थांबत मिस्सेला येणाऱ्या आपल्या आजी याच शर्यतीत आहेत, आणि माझ्या मते पुष्कळ पुढे आहेत.

या आठवड्यात तीन गोष्टी करू या.

पहिली, कोणाच्याही पहिल्या पावलाला हसू नये. परीक्षा आली म्हणून मेणबत्ती लावायला आलेला मुलगा, लग्न जमावे म्हणून नोव्हेना करणारी मुलगी, आजारपणात वीस वर्षांनी देवळाची पायरी चढलेला गृहस्थ, सगळ्यांना जागा द्या. दुसरा शिष्य जसा पेत्रासाठी थांबला तसे मागून येणाऱ्यासाठी थांबा.

दुसरी, ज्यांच्या घरी भरतीची तयारी करणारी मुले आहेत त्यांनी त्यांना पोटभर खाऊ घालावे आणि निकालावरून त्यांची किंमत करू नये. नापास झालेला मुलगाही तुमचाच मुलगा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ऊन चढायच्या आत धावणे संपवा. चाळिशीनंतर नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

तिसरी, रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला विचारा, "मी देवाकडे पहिल्यांदा कशासाठी आलो होतो? आणि आज कशासाठी येतो?" दोन्ही उत्तरे एकच असतील तर घाबरू नका, पण तिथेच राहू नका.

प्रार्थना करू या: हे प्रभो, आम्ही भूक, भीती आणि दुःख घेऊन तुझ्याकडे निघालो. तू आमचे कारण न विचारता आम्हांला सामोरा आलास. आमच्या धावणाऱ्या मुलांना बळ दे, हरलेल्यांना धीर दे, आणि आमचे पाय थकतील तेव्हा तूच आमच्याकडे धावत ये. आमेन.

तुमचा धर्मगुरू