पिंजरा कुठे उघडायचा?

लहानपणी घरात उंदीर झाला की माळ्यावरचा तारेचा पिंजरा खाली निघायचा. आतल्या आकड्याला भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा अडकवून आई तो रात्री चुलीमागे ठेवायची. मध्यरात्री केव्हातरी खटका पडल्याचा आवाज यायचा. आई कुशीवर वळून म्हणायची, "सापडला." सकाळी बाबा पिंजऱ्यावर पोत्याचा तुकडा टाकून ओढ्याकडे निघत. उंदीर मारायचा नाही, हा आमच्या घरचा नियम होता. साकवावरून पलीकडे जाऊन ते पिंजऱ्याचं दार वर ओढत. तो करडा जीव क्षणभर थबके आणि बाभळीच्या बुंध्याशी नाहीसा होई. मग बाबा रिकामा पिंजरा ओढ्यात खळबळून घेत. मी बरोबर असायची. बाबांचा मला फार अभिमान वाटे.

ओढ्यापलीकडे वस्ती होती. सहावीत माझ्या बाकावर बसणारी मुलगी तिथली. डबा खाताना एकदा ती सहज म्हणाली, "तुझे बाबा आमच्याकडं उंदीर सोडायला येतात ना?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. रोज दिसणारी गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं. त्या आठवड्यात तिच्या धाकट्या भावाच्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. उंदीर फुंकर घालत चावतो, झोपेत कळत नाही असं म्हणतात. त्या पोराला सकाळी रक्त पाहूनच कळलं होतं. तो उंदीर आमच्याच घरचा होता, असं म्हणायला काही आधार नाही. नव्हता, असंही इतक्या वर्षांत मला स्वतःला सांगता आलेलं नाही.

तेव्हापासून उंदरांचा विषय निघाला की मला एकच विचारावंसं वाटतं: घालवलेला उंदीर जातो कुठे?

बाबांच्या दयेचा त्या उंदरालाही फारसा उपयोग नव्हता, हे मला पुढे कळलं. घराच्या उबेत, माणसाच्या धान्यावर वाढलेला उंदीर अनोळखी रानात सोडला तर बहुधा जगत नाही. त्याला बीळ ठाऊक नसतं, वाट ठाऊक नसते. मग एक तर तो मरतो, नाहीतर जवळात जवळचं घर गाठतो. आमच्या ओढ्यापलीकडे जवळात जवळचं घर कुडाचं होतं. आमचं दगडी.

उंदराला हाकलणं म्हणजे त्याला पुढे ढकलणं, हे आपल्या मुलखाइतकं महाग दुसऱ्या कुणी क्वचितच शिकलं असेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं, घरं रिकामी केली, जमिनी उकरल्या, सामान जाळलं. उंदराचा या रोगाशी नेमका संबंध काय, ते तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. पण औषधाने भरलेल्या गटारातून उंदीर निघणार तो पुढच्या चाळीतच शिरणार. घाबरलेली माणसंही लाखांनी मुंबईबाहेर पडली आणि साथ देशात पसरली. पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या तपासण्यांनी लोक इतके संतापले की २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर चापेकरांनी गोळी झाडली. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं, ते १८९८ साली. म्हणजे माणसांना घराबाहेर काढणं आधी झालं आणि कारण समजणं नंतर.

माझी पणजी त्या काळाबद्दल बोलताना "प्लेग आला" असं म्हणत नसे. ती म्हणायची, "उंदीर पडायला लागले." आढ्यावरून उंदीर टपकन पडला की गावाने समजायचं आणि शेतात खोपटी बांधून राहायला जायचं. त्या "पडले" या शब्दात सगळं शास्त्र आहे. उंदीर मेला की त्याचं अंग थंड होतं आणि पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. म्हणूनच प्लेगच्या साथीत आधी पिसवा मारायच्या आणि नंतर उंदीर, असा क्रम पाळावा लागतो. क्रम उलटा झाला तर मेलेल्या प्रत्येक उंदरामागून मरण माणसाकडे वळतं. ही गोष्ट नुसत्या प्लेगपुरती आहे असं मला वाटत नाही. उंदीर संपवला असं जेव्हा जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या अंगावरचं काहीतरी दुसऱ्या कुणाच्या अंगावर गेलेलं असतं.

विषाचंच बघा. उंदराला ओकारी काढता येत नाही. म्हणून तो नवं खाणं आधी जरासं चाखतो, आणि पोट बिघडलं तर पुन्हा त्याला शिवत नाही. या सावधपणावर मात करायला माणसाने सावकाश मारणारी विषं शोधली. वॉरफरीन त्यांतलं एक. हृदयाचे रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली रक्त पातळ ठेवायला जी गोळी घेतात, तीच. उंदीर आज खातो आणि चार दिवसांनी आतल्या आत रक्त वाहून मरतो. कुठल्या खाण्याने मेला, हे बाकीच्यांना कळत नाही. घरातल्या माणसांनाही तो मरताना दिसत नाही, आणि अशा विषाच्या खपाचं खरं कारण मला तेच वाटतं. मात्र वॉरफरीननंतर आलेली याच जातीची जालीम विषं उंदराच्या यकृतात टिकून राहतात. झिंगलेला तो उंदीर उघड्यावर येतो, मांजर त्याला खातं, गव्हाणी घुबड त्याला उचलतं आणि विष त्यांच्या पोटात जातं. पिल्लं वाढवत असलेली गव्हाणी घुबडाची जोडी रात्रीत कितीतरी उंदीर नेते. तिला आपण अशुभ म्हणून हाकलतो. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते अशी समजूत करून घेऊन तिला ठेचतो, आणि ती आयुष्यभर उंदीर खात असते. चिचुंद्री तर उंदीरही नाही, ती झुरळं आणि किडे खाते. तीही उंदरांच्या हिशेबात मारली जाते. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट बिस्किटाला लावून ठेवतात, त्याबद्दल मला जास्त लिहवत नाही. ती माणसाच्या पोटात गेली तर यकृत निकामी करते आणि तिच्यावर नेमका उतारा नाही. ज्या घरात रांगतं मूल आहे, त्या घरात ती आणू नये.

आता माझ्याकडून घडलेलं सांगते. पुण्यात फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर स्वयंपाकघरात एक लहान उंदीर दिसू लागला. मी चिकट पुठ्ठा आणला. दुकानदार म्हणाला, सगळे हाच नेतात, काही करावं लागत नाही. रात्री दोनच्या सुमारास बारीक चीची सुरू झाली. मी दिवा लावला नाही. पहाटेपर्यंत आवाज येत होता. सकाळी कामाला आलेल्या मावशींना मी म्हटलं, "ओट्याखालचा पुठ्ठा तेवढा कचऱ्यात टाकाल का?" त्या वाकल्या आणि तशाच माझ्याकडे बघत राहिल्या. "ताई, जिवंत आहे ओ तो."

त्याने स्वतःचा मागचा पाय कुरतडला होता. मी तो पुठ्ठा मावशींच्या हातात जाऊ दिला नाही, पण त्याआधी देऊ पाहिला होताच. त्यांनी तो उचलला असता, तर तिथून तो सफाई करणाऱ्या माणसाच्या हातात गेला असता, जो आमचा कचरा हाताने वेगळा करतो. मरण असं एका हातातून खालच्या हातात सरकत जातं. आणि ज्याचं हे मरण, तो उंदीरही काही दगड नसतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नळीत कोंडलेल्या सोबत्याला बाहेरचा उंदीर दार उघडून सोडवत होता. शेजारी चॉकलेट ठेवलं तरी बरेचदा तो सोबत्याला सोडवायचाच, आणि चॉकलेटातला वाटाही त्याच्यासाठी उरायचा. दुसऱ्याची तडफड त्याला कळते. उंदीर मारूच नये, असं मी म्हणणार नाही. त्याच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो, तो तान्ह्याला चावतो, वर्षाचं धान्य नासवतो. मारायचाच तर चाप लावावा, एका क्षणात मान मोडणारा, आणि तो आपल्या हाताने लावून आपल्या हाताने रिकामा करावा. चिकट पुठ्ठ्याला घरात जागा नाही. पशु कल्याण मंडळाने त्याविरुद्ध सूचना काढल्या आहेत, काही राज्यांनी बंदीही घातली आहे, तरी तो दुकानात मिळतोच.

मुंबई महापालिकेची माणसं रात्री टॉर्च आणि काठी घेऊन गल्लीबोळांत उंदीर मारत हिंडतात. एका रात्रीत ३० उंदीर, असा त्यांचा कोटा असल्याचं आपण ऐकत आलो आहोत. शहर झोपलेलं असताना ही माणसं कचऱ्याच्या ढिगात उभी असतात, आणि सकाळी पोत्यातून मोजून दिलेल्या उंदरांवर त्यांची रोजी ठरते. मेलेले उंदीर मोजता येतात म्हणून आपण ते मोजतो. १९०२ मध्ये हनोई शहरात फ्रेंच अंमलदारांनी दर शेपटीमागे बक्षीस लावलं, तेव्हा लोक शेपटी कापून उंदीर सोडून देऊ लागले, काहींनी तर ते पाळायला घेतले. १९४० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की वस्तीतले उंदीर मारले तरी काही महिन्यांत संख्या पुन्हा पहिल्यावर येते. कचरा आणि घरांची दुरवस्था सुधारली की मात्र ती उतरते आणि उतरलेलीच राहते. घरउंदराची मादी वीसेक दिवसांत पाच-सहा पिल्लं घालते आणि दीड महिन्यात ती पिल्लं वयात येतात. मारलेल्या उंदराचा घास उरलेल्यांना मिळतो, एवढाच काय तो फरक.

आपल्या जुन्या घरांना हे माहीत होतं. शिंकं, उतरंड, शेणमातीने लिंपलेली कणगी, कोकणात माडाच्या बुंध्याला गुंडाळलेला गुळगुळीत पत्रा: यांतलं काहीही उंदराला मारत नाही. त्याचा पाय घसरतो, तोंड पोचत नाही आणि तो परत जातो. आमच्या चुलीमागचा खोबऱ्याचा तुकडा मात्र त्याला बोलावत होता.

पुठ्ठ्याच्या त्या सकाळनंतर मी फ्लॅटभर भोकं शोधली. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो; मोठ्याला रुपयाच्या नाण्याएवढी जागा पुरते. रात्री ओट्याखाली भिंतीच्या कडेने पीठ भुरभुरलं की सकाळी पावलं दिसतात, कारण उंदीर भिंत सोडून चालत नाही. रोजच्या वाटेवर त्याच्या अंगाचा काळपट तेलकट डाग पडतो. सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथे, एसीच्या नळीभोवती, मोरीच्या जाळीत आणि दाराखाली वाटा सापडल्या. कापड कोंबून उपयोग नाही. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्याला कुरतडावंच लागतं. भांडी घासायची तारेची घासणी दाबून बसवायची आणि वर सिमेंट. आमच्या गवंड्याने सिमेंटमध्ये बाटलीच्या काचेचा चुरा कालवला. म्हणाला, जुनी पद्धत आहे. लेंड्या कोरड्या झाडू नयेत, ब्लीचच्या पाण्याने भिजवून पुसाव्यात, हेही तेव्हाच कळलं. आठवड्यात माझं घर शांत झालं.

मी हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. एकेक करत सगळ्या मजल्यांवरच्या फटी बुजल्या, डक्टला जाळी बसली. पंधरा दिवसांनी जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या वॉचमनच्या बायकोने मला थांबवलं. "ताई, वरती काय केलंत हो? सगळे आमच्याकडं उतरलेत." ज्वारीचं पोतं फाडलं होतं. पोरीच्या वह्या कुरतडल्या होत्या. तिची खोली आमच्या यादीत नव्हती. तिथे फ्लॅट नंबर नव्हता, एवढंच कारण. मला साकव आठवला. बाबांच्या हातातला पोत्याने झाकलेला पिंजरा आठवला, आणि मी जे केलं ते त्याहून वेगळं नव्हतं.

त्या खोलीच्या फटी आम्ही दोघींनी मिळून शोधल्या. झाकणाची पत्र्याची कोठी आणली, तिच्यात ज्वारी ओतली. गवंडी पुन्हा आला. आता उरते ती मागची कुंपणभिंत. तिच्या अलीकडे आमची कचऱ्याची शेड, तिला दार नाही. पलीकडे नाला, आणि नाल्याला लागून चाळीस-पन्नास पत्र्याची घरं. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाठोपाठ लेप्टो आला, तेव्हा पाण्यात सगळ्यांत जास्त वेळ कोण उभं होतं, ते आठवतं. आमच्याकडचा पावसाळा तीन आठवड्यांवर आहे.

शेडला दार बसवायचा ठराव मी मांडला आहे. नाल्यापलीकडे कुणाशी बोलायचं, ते वॉचमनच्या बायकोला माहीत आहे. रविवारी आम्ही दोघी जाणार आहोत. गवंड्याला विचारलं, चाळीस घरांच्या मोऱ्या आणि उंबरे धरले तर किती लागेल. तो बोटांवर मोजून म्हणाला, "सिमेंट काही फार नाही लागायचं. काच मात्र गोळा करून ठेवा."