झोपेत बोलते कोण?

नाशिकजवळच्या टाकळीला, नंदिनी आणि गोदावरीच्या संगमापाशी समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले. त्यांनी पुढे दासबोधात झोपेवर अख्खा समास लिहिला, आणि तो चक्क विनोदी आहे. आळोखेपिळोखे, घोरणे, दात खाणे, मध्येच ओसणणे (झोपेत बरळणे), सगळ्याची टर उडवलेली. साधकाच्या लेखी झोप म्हणजे वाया गेलेला वेळ. मी मात्र त्या ओसणण्यापाशी अडतो. झोपेत मन रिकामे असेल, तर बोलते कोण?

पतंजलींनी निद्रेला चित्ताच्या पाच वृत्तींत बसवले आणि तिच्या लगेच पुढे स्मृती ठेवली. टीकाकारांचा युक्तिवाद साधा आहे: उठल्यावर ‘छान झोप लागली’ असे आपण आठवून सांगतो, म्हणजे झोपेतही काहीतरी टिपले गेलेच.

प्रयोगशाळेला इथवर यायला वेळ लागला. १९२४ मध्ये जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी कॉर्नेलच्या दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले. झोपून उठल्यावर ते जास्त आठवले. पण अर्थ काढला तो बेताचाच: झोपेत नवे काही कानांवर पडत नाही, म्हणून जुने पुसले जात नाही. मेंदू नुसता दार लावून बसतो, एवढेच. १९५३ मध्ये शिकागोत झोपेतली डोळ्यांची जलद हालचाल नोंदली गेली आणि दाराआड वर्दळ असल्याचे कळले. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांना झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत जागेपणी एकत्र चेतलेल्या पेशी पुन्हा एकत्र चेतताना दिसल्या. म्हणजे उजळणी चालू होती.

उजळणी कशाची, हा पुढचा प्रश्न. समजा, नाशिकच्या द्वारका चौकात आपण अपघात पाहिला. रात्रीच्या झोपेनंतर चुराडा झालेली गाडी लख्ख आठवते, मागची दुकाने पुसट होतात. जेसिका पेन यांच्या २००८ च्या प्रयोगात चित्रांबाबत असेच आढळले. त्याआधी २००६ मध्ये यान बॉर्न यांच्या जर्मनीतल्या गटाने दाखवले होते की, वाचनानंतर लगेच तीन तास झोपलेल्यांना भावनिक मजकूर चार वर्षांनीही अधिक ओळखता आला; साध्या मजकुरात तो फरक नव्हता. नंतर अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा भावनेला मिळणारे हे झुकते माप सरसकट दिसले नाही. तरी मला ही दिशा पटते.

पण झोप आठवण ठेवते तशी तिचा डंखही काढते का? मॅथ्यू वॉकर यांनी २००९ मध्ये तसा तर्क मांडला: स्वप्नांच्या झोपेत मेंदूतले नॉरअ‍ॅड्रेनलिन हे ताणाशी जोडलेले रसायन अगदी कमी होते, म्हणून प्रसंग राहतो आणि धार बोथट होते. तर्क देखणा आहे, म्हणूनच तो फार लवकर लोकप्रिय झाला. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांना उलटेच दिसले: झोपलेल्यांची नकोशा चित्रांवरची प्रतिक्रिया तशीच तीव्र राहिली. २०१६ मध्ये बीजिंगमधल्या प्रयोगात रात्र मध्ये गेल्यावर त्रासदायक आठवणी मुद्दाम दाबणे अधिक अवघड ठरले.

‘झोप आता, सकाळी बरं वाटेल’ हे आपण घरोघरी म्हणतो. थकव्यापुरते ते खरे आहे. पण मुलाला संध्याकाळी फार बोलला असाल, तर समजूत सकाळवर टाकू नका. दिवा मालवण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि बोला.